मालिकेतला गडी आणि आमचे आबा

टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेपायी आमच्या घरात बाप-लेकाचं बिनसलं, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी हसूच येतं. येऊ दे. बांधावरून भांडतात, वाटणीवरून भांडतात, ते लोकांना समजतं. पेटीतला एक माणूस पाय घसरून पडतो आणि त्यावर हसायचं की नाही यावरून घर दुभंगतं, हे कुणाला सांगून पटायचं? पण आमचं दुभंगलं, आणि मी तिथेच सतरंजीवर बसलेली होते.

आबा म्हणजे माझे वडील. कडावच्या अलीकडे आमची वस्ती, थोडी भातशेती, दोन म्हशी. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा मी फ्रॉकातली पोर होते. त्या दिवसांत वस्तीवरच्या तरुणांनी जलसा काढला. ढोलकी, झांज, तुणतुणं आणि हौशी माणसं, एवढंच भांडवल. कर्जत-खालापूरच्या गावोगाव चालत जायचे, गाणी म्हणायचे, मध्ये एक फार्स करायचे. त्या फार्सात आबा गडी व्हायचे. लाल मुंडासं बांधायचे, त्याचं एक टोक कानावरून शेपटासारखं लोंबत ठेवायचे, सदरा उलटा घालायचे. सावकार ओरडायचा, "अंगठा का उठवत नाहीस रे?" गडी म्हणायचा, "उठवतो की मालक, पन अंगठा म्हंतो, आदी वाचून दाकवा." एवढं बोलून आबा थांबायचे. थांबावंच लागायचं, कारण माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची आणि पुढचं वाक्य कुणाला ऐकू जायचं नाही. त्या थांबण्यात आबा सगळ्यांकडे असे बघायचे, की मी काय बोललो एवढं? की पुन्हा हशा. मी आईच्या मांडीवर बसून हे इतक्यांदा बघितलंय की आजही झोपेतून उठवून विचारलंत तर करून दाखवीन.

पुढं जलसा मोडला. कुणी मुंबईला गिरणीत गेलं, कुणी खोपोलीकडे कारखान्यात, ढोलकीवाला वारला. आबा शेतात राहिले. पण गडी काही त्यांच्या अंगातून गेला नाही. बाजारात, लग्नात, मयतीवरून परत येतानासुद्धा ते बोलायला लागले की माणसं जवळ सरकायची. माझा धाकटा भाऊ मात्र स्वभावानं वेगळा. शांत, नीटस, अभ्यासात हुशार. वस्तीवरचा पहिला मास्तर तोच. नेरळच्या बाजूला हायस्कुलात शिकवायला लागला आणि बोलायचा इतकं शुद्ध, की आमच्या भावजयीला लग्नानंतर वर्षभर नवऱ्याशी बोलताना दडपण यायचं. ती स्वतःच मला सांगायची.

टीव्ही त्यानंच आणला. उंच बांबूवर अँटेना बांधला, तो मुंबईकडे तोंड करून फिरवता फिरवता छपराची दोन कौलं फुटली, तेव्हा कुठे चित्र दिसलं. घरात टीव्ही आला म्हणजे वस्तीत टीव्ही आला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी ती विनोदी मालिका लागायची, तेव्हा पडवीपासून चुलीपर्यंत माणसं. माझे मालक भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला, आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचो. जवळच असल्यानं मीही त्या दिवशी माहेरी यायची.

आबांनी या सगळ्याची व्यवस्था कशी लावली, ते बघण्यासारखं होतं. त्यांच्या डोक्यात खेळ म्हणजे जलसा. म्हणून बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला, पोरं पुढे. आणि आमच्या वस्तीत वंदना झाल्याशिवाय कुठलाच कार्यक्रम सुरू होत नसे, तर हा तरी कसा होईल? मालिकेच्या आधी आबा टीव्हीचा आवाज बंद करायला लावायचे. सगळ्यांनी उभं राहायचं, हात जोडायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचं. समोर पडद्यावर साबणाच्या जाहिरातीतली बाई मुक्यानं न्हात असायची आणि आम्ही डोळे मिटून पाणातिपाता म्हणत असायचो. मग सगळे खाली बसले की आबा म्हणायचे, "हां, सोड आता त्यांना."

धाकट्याला हे बघून कानकोंडं व्हायचं. "आबा, वंदना कशासाठी म्हणायची आणि त्यानंतर बघायचं काय," असं तो हळू आवाजात म्हणायचा. आबांना त्यातलं काय चुकलं तेच कळायचं नाही.

मालिका म्हणाल तर काय होतं त्यात? मुंबईतला एक फ्लॅट, सोफा, साहेब, बाईसाहेब आणि गावाकडून आलेला एक गडी. गडी दर आठवड्याला काहीतरी सांडायचा, पडायचा, फोन उलटा धरायचा. "हाय" म्हणायचा, "नाय" म्हणायचा, आणि तो नुसतं हाय म्हणाला तरी पेटीतली न दिसणारी माणसं खदाखदा हसायची. खरं सांगायचं तर मला ती मालिका कधीच आवडली नाही. अगदी पाचकळ.

पण आबा तिच्यातही आपलं काम करत होते. ते गड्याच्या वतीनं पडद्याला उत्तरं द्यायचे. साहेब ओरडला, "गाढवा, माझा चहा कुठंय?" की पडद्यावरचा गडी नुसती मान खाली घालायचा. आणि इकडे आबा म्हणायचे, "गाढवाच्या हातचा च्या पिता व्हय, साह्येब?" की सगळं घर फुटायचं. डोंगराखालच्या ठाकरवाडीवरची एक म्हातारी यायची, दाराशी उकिडवी बसायची. तिला पडद्यावरचं निम्मं कळायचं नाही. ती आबांकडे तोंड करून बसायची आणि आबांवरच हसायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की अर्धी माणसं तशीच बसायला लागली होती. मालिका नुसती निमित्ताला होती.

तीच मालिका आमच्या क्वार्टर्सच्या क्लबातही लागायची, आणि एकदा मी तिथे बघितली. पुढे खुर्च्यांवर साहेबलोकांच्या बायका, मागे चटईवर आम्ही. पुढच्या बायका नाकं मुरडत म्हणायच्या, काय बाई हा पोरखेळ. पण उठून एकही जात नव्हती. आणि पडद्यावर गडी पडला की त्या हसायच्या आणि हसता हसता मागे वळून, दारात उभ्या असलेल्या भांडीवालीकडे बघायच्या. ती बिचारी पण हसायची. न हसून सांगते कुणाला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मीही उठून गेले नाही आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. त्या दिवसापासून धाकट्याचं म्हणणं मला पुरतं कळायला लागलं.

त्याचं म्हणणं असं होतं. "ताई, जलशातल्या गड्यामुळं लोक सावकारावर हसायचे. हा गडी आपल्यावर हसवतो. आणि आपणच सतरंजी अंथरून बघतो." आबांना तो हे सांगायचा तेव्हा ते म्हणायचे, "दिसभर पाठ मोडून मानसं येत्यात, घडीभर हसत्यात. त्यात तुजं काय जातं रं?" तो म्हणायचा, "माझंच जातं." आबा म्हणायचे, "काय जातं, ते सांग की." तो उठून वह्या तपासायला जायचा.

दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. एकच वाक्य, एकच पडणं, पण हसणारा कोणत्या खुर्चीवर बसलाय आणि ज्याच्यावर हसणं चाललंय तो कुणाचा लागतो, यावर सगळं बदलतं. मुंबईतला विद्वान म्हणेल थिल्लर, गिरणीतला थकलेला माणूस म्हणेल झकास, आणि दोघं एकमेकांना मूर्ख समजतील. आमच्या घरात तर एकाच सतरंजीवर दोन्ही होते.

मग ती संध्याकाळ आली. पावसाळा संपत आला होता, माणसं भरपूर जमली होती. मालिकेच्या त्या भागात साहेबाच्या घरी मेजवानी होती. गड्यानं त्या दिवशी लाल मुंडासं बांधलं होतं आणि त्याचं एक टोक कानावरून लोंबत होतं. ते बघून आबा असे खुलले म्हणता. "बगा बगा, माजंच घेतलंय," असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. साहेबानं गड्याला पाहुण्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "बोल रे काहीतरी. तू नुसता बोललास तरी पुरे." गडी बोलला. पाहुणे हसले. पेटीतली न दिसणारी माणसं हसली. आबा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

धाकटा उठला आणि त्यानं टीव्ही बंद केला.

"का रं, बंद का क्येला?" आबा अजून हसतच होते.

"बस झालं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण बटणावरचा हात त्यानं काढला नाही. "तेव्हाही तुम्हीच हसला होतात आबा. सगळ्यात मोठ्यानं. सगळ्या शाळेत सगळ्यात मोठ्यानं."

घरात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण त्या दिवशीही मी आबांच्या शेजारी होते. धाकटा कर्जतला हायस्कुलात होता तेव्हाची गोष्ट. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटुकलं होतं, त्यात गड्याचं काम त्याला दिलं. मास्तर त्याला म्हणाले होते, तुला पाठांतर नको, तू नुसता बोललास तरी लोक हसतील. हे आम्हाला घरी माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत, की आपल्या पोराला काम मिळालंय. आबा शेतातून तसेच धोतर झटकत निघाले, मला बरोबर घेतलं. पडदा वर गेला, धाकटा दोन वाक्यं बोलला, आणि सगळं मैदान हसलं. आबांचा आनंद काय सांगू. त्यांना वाटलं, पोरगं आपल्यावर गेलंय. गड्याच्या कामात माणसं हसली म्हणजे गडी जिंकला, ही त्यांची आयुष्यभराची समजूत. ते इतकं मोठ्यानं हसले की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. घरी आल्यावर त्यांनी लाकडी पेटीतून ते लाल मुंडासं काढलं आणि धाकट्याच्या हातात दिलं. म्हणाले, "आता ह्ये तुजं."

त्यानं ते घेतलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिलं. त्यानंतर तो आरशासमोर उभा राहून "आहे" आणि "नाही" म्हणायचा, ते मी बघितलं होतं. मला वाटायचं, मास्तर व्हायची तयारी चाललीय.

हे सगळं धाकट्यानं त्या संध्याकाळी दोन-चार वाक्यांत सांगितलं, मास्तर काय म्हणाले तेही. माणसं एकेक करून उठून गेली.  शेवटचा माणूस गेल्यावर आबा म्हणाले, "मला वाटलं, त्ये तुला टाळ्या वाजवत्यात." एवढंच बोलले आणि म्हशींना वैरण घालायला गेले.

पुढच्या आठवड्यात धाकट्यानंच मालिका लावली. त्याला चुटपुट लागली असणार. भावजयीकडून त्यानं घरोघर निरोपही पाठवले. माणसं आली. आबाही येऊन आपल्या जागी बसले. वंदना झाली. पण पडद्यावरचा साहेब ओरडला तेव्हा आबा काही बोलले नाहीत. गडी पडला, आबा हसले नाहीत. मयतीला बसल्यासारखे गुडघ्याभोवती हात बांधून बसले. माणसं पडद्याकडे बघायची, मग आबांकडे बघायची, मग एखादा कसनुसा हसायचा आणि तोही गप्प व्हायचा. वाडीवरची म्हातारी मध्येच उठून गेली. तेव्हा मला कळलं, मालिकेत काहीच दम नव्हता. सगळा दम आबांच्यात होता.

मी आबांना कितीदा म्हटलं, "अवं, हसा की. त्यानं कुठं अडवलंय तुम्हाला?" ते म्हणायचे, "अडवलं नाय गं. येतच नाय." मला ते खरं वाटत नव्हतं, पण बोलणार काय? धाकटाही रडकुंडीला आलेला. बापाशी सरळ बोलायचं ते दोघांनाही जमत नव्हतं. तो त्यांच्यासाठी बाजारातून चांगली तंबाखू आणायचा. ते "ठेव तिथं" म्हणायचे. हळूहळू माणसं कमी झाली, बायका शेजारच्या आळीत नवा टीव्ही आला होता त्या घरी जायला लागल्या. त्या वर्षी हिवाळा असाच गेला.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी मालिका सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि वीज गेली. घाटावरचं पाणी खाली आणून आमच्याच डोंगराखाली वीज करायची, ती मुंबईला धाडायची, आणि अंधार तेवढा आमच्या वस्तीला. माझ्या मालकांचा उद्धार करत माणसं उठायला लागली. भावजयीनं कंदील आणला. तेवढ्यात आतल्या खोलीतून धाकटा बाहेर आला आणि मी बघतच राहिले. त्यानं लाल मुंडासं बांधलं होतं. एक टोक कानावरून लोंबत होतं. सदरा उलटा घातला होता, मास्तरांचा, इस्तरीचा सदरा.

"बसा रं समदी," तो म्हणाला. "कुटं निगाली?"

कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून मी ही भाषा ऐकली नव्हती. माणसं होती तिथे खाली बसली. धाकट्यानं जलशातला फार्स सुरू केला. सावकारही तोच, गडीही तोच, इकडे तोंड करून एक आवाज, तिकडे तोंड करून दुसरा. त्यानं तो कधी शिकला नव्हता. तान्हा होता तेव्हापासून कानावर पडलेला, तेवढाच. पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सावकार म्हणाला, अंगठा का उठवत नाहीस. गडी म्हणाला, "उठवतो की मालक, पन अंगठा म्हंतो, आदी वाचून दाकवा." आणि तो थांबला. आबा थांबायचे तिथेच थांबला. घर दणाणून हसलं. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली, त्यांना सगळा जलसा आठवला असेल. मीही हसले आणि हसता हसता मला रडू आलं.

धाकटा कुणाकडेच बघत नव्हता. तो आबांकडे बघत थांबला होता. आबांनी उपरण्याचं टोक तोंडावर गच्च दाबून धरलं होतं आणि जमिनीकडे बघत होते. हशा ओसरला तरी धाकटा थांबूनच होता. शेवटी त्यानं पुढचं वाक्य घेतलं, पण आवाजात जीव उरला नव्हता. कसाबसा फार्स संपवून तो आत गेला.

आबा बाहेर खाटेवर जाऊन बसले. मी त्यांच्या मागोमाग गेले. माझं डोकं सणकलं होतं. म्हटलं, "आबा, एवढं काय मन घट्ट केलंत? पोरगं तुमच्यासाठी गडी झालं."

"लई चांगलं क्येलं," ते म्हणाले. "माज्यापेक्षा चांगलं करतो त्यो. माजं पोट दुखाया लागलं गं, दाबून धरून."

"मग हसला का नाही?"

"त्याला आवडत नाय," आबा म्हणाले. "येकदा हसलो तर जलमभर बोचलं पोराला. आता नाय हसायचं त्याच्यावर."

मी तशीच आत गेले. धाकटा मुंडाशाची घडी घालत ट्रंकेपाशी बसला होता. आबा जे बोलले ते मी त्याला शब्दाला शब्द सांगितलं. तो घडीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, त्यांनी हसावं म्हणूनच मी बांधलं होतं." उठून तो बाहेर गेला आणि आबांच्या शेजारी खाटेवर बसला. मला वाटलं, आता बोलेल, आता दोघांच्या मनातलं निघेल. मी दाराआड कान देऊन उभी राहिले. आबांनी विचारलं, रोपांसाठी राब भाजून झालाय, या वर्षी लावणी आधी कुठल्या खाचरात घ्यायची. तो म्हणाला, खालच्या घेऊ. मग म्हशीचं निघालं, कौलांचं निघालं. दोघं बराच वेळ असंच बोलत बसले, अगदी गोडीनं.

त्यानंतर घरात कधी वाद झाला नाही. मालिका काही दिवसांनी बंदही झाली, तिच्या जागी दुसरी आली. आबा त्याच वर्षी भात कापायच्या आत गेले. शेवटी आजारात धाकट्यानं त्यांचं सगळं केलं, हातानं पेज भरवली, आणि आबा त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. हसले मात्र नाहीत.